नाणेघाटाच्या विकिपीडिया लेखात घातलेली भर उडाली. पुन्हा लिहू का?

घाटमाथा

नमस्कार. मी जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. डिसेंबरात मुलांना नाणेघाट दाखवायला नेलं होतं. परत आल्यावर मुलं विचारू लागली, "बाई, त्या गुहेच्या भिंतीवर काय लिहिलंय?" म्हणून मराठी विकिपीडियावरचा लेख उघडला आणि वाटलं, यात आपणच भर घालावी. रविवारी दोन तास बसून चार परिच्छेद लिहिले. संध्याकाळी पाहते तर सगळे गेलेले! लेखाच्या बदलांच्या इतिहासात कारण दिसलं, "नकल-डकव (म्हणजे कॉपी-पेस्ट), संदर्भ नाही". माझ्या चर्चा पानावर तसा निरोपही होता.

खरं सांगते, दोन परिच्छेद एका ट्रेकिंगच्या ब्लॉगवरून घेतले होते, शब्द थोडे फिरवून. पण बाकीचे दोन माझे होते. घाटातल्या दगडी रांजणात जकातीची नाणी टाकायचे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. त्याला संदर्भ कुठून आणू? पुन्हा लिहायचं धाडस होत नाहीये.

औषधवाला, सोलापूर

ताई, पुन्हा लिहाच. नाणेघाटाजवळच्या घाटघरपासून हाकेच्या अंतरावरची माणसं लिहिणार नाहीत तर कोण लिहिणार?

माझं औषधांचं दुकान आहे. २०११ पासून रात्री शटर ओढलं की तासभर मराठी विकिपीडियावर बसतो. सुरुवात 'ऱ्य'पासून झाली. एका लेखात 'दुसर्या', 'पुढार्याने' असं दिसलं, ते 'दुसऱ्या', 'पुढाऱ्याने' केलं आणि जतन करा दाबलं. माझा बदल लगेच सगळ्यांना दिसायला लागला, त्या रात्री झोप आली नाही. पहिलं वर्षभर जवळजवळ हेच केलं. मग धीर करून एका औषधावर लेख लिहिला, तो खोक्यातल्या माहितीपत्रिकेवरून उतरवलेला. तो काढला गेला आणि काढणाऱ्याचं बरोबर होतं. तो मजकूर कंपनीचा होता, मला तो वाटून टाकायचा हक्कच नव्हता.

तुमच्या ब्लॉगच्या दोन परिच्छेदांचं तेच आहे. विकिपीडियावरचा मजकूर कुणीही घ्यावा, बदलावा, छापून विकावा, अशी परवानगी आपण जतन करतानाच देत असतो. जे आपलं नाही त्याची परवानगी कशी देणार? आणि शब्द फिरवले तरी वाक्यांचा सांगाडा ब्लॉगवाल्याचाच राहतो. मी काय करतो सांगतो. आधी वाचतो, मग पुस्तक मिटतो आणि शेजारच्या कापडवाल्याला सांगितल्यासारखं लिहून काढतो. शेवटी पुस्तक परत उघडून फक्त नावं आणि आकडे ताडून पाहतो. तुम्ही शिक्षिका आहात, हे काम तुम्ही रोज वर्गात करताच.

आता रांजण. इथे जरा थांबून लिहितो, कारण गाडी नेमकी इथेच अडली आहे. त्या गुहेत कोरलेला मोठा लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहे. त्यात सातवाहन राणी नागनिकेच्या संदर्भात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी) यांची यादी आहे. या संख्या अंकांत कोरलेल्या आहेत, म्हणून आपल्या अंकांचा इतिहास शोधणारे अभ्यासकही नाणेघाटाकडे वळतात. हे दगडावर आहे, अभ्यासकांनी वाचून छापलेलं आहे. रांजण आणि जकात ही मात्र लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट आहे. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण लेखात वाक्य वेगळं करावं लागतं. "येथे जकात गोळा करत" असं न लिहिता "या रांजणात जकातीची नाणी टाकत असत, असे सांगितले जाते" असं लिहा आणि जे पुस्तक तसं सांगतं त्याचं पान पुढे जोडा. सोलापुरात बसलेल्या वाचकाला यातलं दगडावरचं कोणतं आणि तोंडी आलेलं कोणतं, हे कळायला हवं. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे ही गोष्ट तुमच्या गावात पुरते, ताई, माझ्या गावात नाही पुरत.

संदर्भ हवे तेवढे आहेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्यावरचा अठरावा खंड १८८५ चा आहे. त्याच्या तिसऱ्या भागात एकेका ठिकाणाची माहिती दिली आहे. ब्यूलर या प्राच्यविद्येच्या अभ्यासकाने नाणेघाटाचे कोरीव लेख १८८३ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम भारताच्या अहवालात छापले. दोन्हींचा प्रताधिकार कधीच संपलाय, इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात. मराठीत वाचायचं तर वा. वि. मिराशींचं सातवाहनांवरचं पुस्तक तालुक्याच्या वाचनालयात विचारा. जुन्या इंग्रजी पुस्तकांतली मतं मात्र जशीच्या तशी उचलू नका. पुढच्या अभ्यासकांनी त्यांतलं बरंच दुरुस्त केलं आहे, खास करून काळाबद्दलचं.

आणि मूर्ती विसरू नका. तिथे आठ मूर्ती होत्या, वर नावं कोरलेली. आता पायांचे अवशेष तेवढे राहिलेत. मुलांना हे नक्की आवडेल.

ग्रंथपाल ताई

मी वाचनालयात काम करते म्हणून एवढंच सांगते: संदर्भ देताना लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष आणि पान क्रमांक द्या. पानाशिवायचा संदर्भ म्हणजे पत्त्यात नुसतं शहराचं नाव. आमच्याकडे कॉलेजची मुलं "विकिपीडियावर या पुस्तकाचं नाव आहे" म्हणत येतात आणि सहाशे पानांत एक वाक्य शोधत बसतात. पान दिलं की माझं आणि त्यांचं अर्धं काम झालं.

लेखात थेट लिहायची भीती वाटत असेल तर आधी तुमच्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर लिहा. तिथे मोडलं, पुसलं, तरी हरकत नाही.

मुरबाडचा

मी घाटाखालचा, वैशाखरेच्या बाजूचा. एक विनंती: इंग्रजी लेखावरून भाषांतराच्या साधनाने आणणार असाल तर प्रत्येक वाक्य स्वतः मोठ्याने वाचा. "तो त्याच्या शिलालेखासाठी ओळखला जातो" हे मराठी नाही. "नाणेघाट तिथल्या शिलालेखामुळे प्रसिद्ध आहे" म्हणा. असे लेख आपली पोरं वाचतात आणि निबंधात तशीच वाक्यं लिहितात. मला ते बघवत नाही.

खालून वर येणाऱ्या पायवाटेबद्दलही लिहा. घाट म्हटलं की सगळे वरूनच फोटो काढतात.

घाटमाथा

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवस लागले, पण काम झालं. गॅझेटियरमधला भाग सापडला. इंग्रजी जुनं आहे, शाळेतल्या सरांच्या मदतीने वाचलं. धूळपाटीवर तीनदा लिहिलं. शेवटी लेखात पाच वाक्यंच घातली, प्रत्येकापुढे पान क्रमांक. आज पाचवा दिवस, अजून आहेत. कुणीतरी त्यातला माझा एक ऱ्हस्व उकार दीर्घ केलाय, बरं वाटलं.

औषधवाले दादा, एक राहिलं. आमच्या मुलांनी टेपने रांजणाची उंची आणि तोंडाचा घेर मोजला होता, वहीत लिहून ठेवलाय. चौघांनी मोजला आणि चारही आकडे जुळले. हे लेखात टाकता येईल का? मुलं रोज विचारतात.

औषधवाला, सोलापूर

लेखात नको, ताई. ते आपलं स्वतःचं मोजमाप झालं, कुठे छापून आलेलं नाही. विकिपीडियावर नव्या संशोधनाला जागा नाही, मग ते कितीही अचूक असो.

पण वाया घालवू नका. पुढच्या खेपेला रांजणाशेजारी मोजपट्टी उभी धरून फोटो काढा, आकडे नीट वाचता येतील असा. तो तुम्ही स्वतः काढलेला असला की विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या मुक्त साठ्यात चढवता येतो. वर्णनात लिहा, कधी काढला, कुणी मोजलं, किती भरलं. मुलांची नावं आणि चेहरे टाकू नका, "चौथीच्या विद्यार्थ्यांनी मोजले" एवढं पुरे. मग तो फोटो लेखात लावायचं काम माझं. चढवलात की इथे कळवा, मी रात्री शटर ओढल्यावर बघतोच.