आंबेनळी घाट उतरताना ब्रेकचा वास

प्रश्न: महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरताना चाकांजवळून जळका वास आला आणि ब्रेकचे पेडल नरम लागू लागले. गाडीत आईवडील होते, त्यामुळे मी फार घाबरलो. माझे काय चुकले असावे?

उत्तर १: आपला पाय सतत ब्रेकवर राहिला असावा. पॅड अतिशय तापले की त्यांची पकड कमी होते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच दुसरा गिअर टाकावा, वेग इंजिनाला रोखू द्यावा आणि ब्रेक थोडाच वेळ, पण ठामपणे दाबावा. न्यूट्रलमध्ये गाडी कधीही सोडू नये.

उत्तर २: सहमत. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, असा नियमही आहे.

उत्तर ३: ब्रेक ऑइल अवश्य तपासावे, कारण जुन्या ऑइलमध्ये ओलावा शिरला की ते लवकर उकळते आणि पेडल असेच नरम पडते.