मदत हवी आहे : पिवळ्या काठाच्या घायपाताचा मधला कोंब कुजला

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. माझ्याकडे पिवळ्या काठाचं घायपात आहे, अगेव्ह अमेरिकाना मार्जिनाटा. बारा इंचाच्या कुंडीत तीन वर्षं छान वाढलं. जुलैत संततधार लागली आणि कुंडी आठ दिवस पागोळ्यांखाली राहिली. चूक माझीच. काल मधला कोंब हलकेच ओढला तर अख्खा हातात आला. बुडाशी तपकिरी, लिबलिबीत, आणि नासक्या बटाट्यासारखा वास. बाहेरची पानं मात्र अजून टणक आहेत, काट्यांनी हात सोलून निघाला.

माती निम्मी लाल, निम्मं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा). आता कळतंय, तिथेच घोळ झाला. मेक्सिकोच्या कोरड्या रानातलं झाड ते, आणि आपल्याकडे पावसात टॉवेलसुद्धा वाळत नाही!

सध्या उपटून बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आडवं ठेवलंय. कुजलेलं पांढऱ्या गरापर्यंत कापून काढलं तर झाड वाचेल का? की वाढीचा कोंबच गेल्यावर आईचा, म्हणजे मूळ झाडाचा, नाद सोडून बुडाशी फुटलेल्या पिल्लांकडे बघू? पिल्लं तीन आहेत, दोन पट्ट्यांची आणि एक निव्वळ हिरवं, तेच सगळ्यांत दांडगं. हिरव्याला पुढे पट्टे येतील असं शेजारची मावशी म्हणते, मला काही पटत नाही. पिल्लं आत्ताच सोडवू की पाऊस ओसरल्यावर?

आणि प्युमिसऐवजी (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) जांभ्या चिऱ्याची बारीक खडी कुणी वापरलीय का? भुकटी चाळून काढली तरी पावसात खडीचा चिखल होतो का, एवढं जरूर सांगा.