शेवाळ-तळ्यात सांडपाणी शुद्ध करायचे, तर जागा आणि गॅसचा हिशेब काय?

प्रश्न: सोसायटीचे रोजचे सांडपाणी २० घनमीटर. सेप्टिक टँकनंतर शेवाळाचे उथळ तळे बांधून त्यातल्या शेवाळापासून गॅस करता येईल का?

उत्तर १: येईल, पण आधी जागा मोजा. खोली ३० सेंमी, तळ्यात पाण्याचा मुक्काम ६ दिवस. म्हणजे १२० घनमीटर, साधारण ४०० चौ. मी. रेसट्रॅकसारखी वळणारी नाली करून पॅडलव्हीलने (पाणी ढकलणाऱ्या फिरत्या चाकाने) पाणी सेकंदाला १५–२० सेंमी फिरते ठेवा. व्हील थांबले की शेवाळ तळाशी बसून कुजते. खोली वाढवून जागा वाचवू नका, खाली ऊन पोचत नाही.

उत्तर २: गॅसची अपेक्षा कमीच ठेवा. चौ. मी.ला रोज १०–१५ ग्रॅम वाढ धरली तर सुके शेवाळ रोज ४–६ किलो, त्यातून बायोगॅस दीड-दोन घनमीटर. एक किलो एलपीजीएवढासुद्धा नाही. शिवाय शेवाळात नायट्रोजन जास्त, एकटेच घातले तर डायजेस्टरमध्ये (गॅस बनवायच्या बंद टाकीत) अमोनिया साचतो. भाजीपाल्याचा कचरा मिसळा. स्पेनमधल्या चिक्लाना इथे अशा गॅसवर गाड्या चालवल्या आहेत, पण तिथली तळी फार मोठी.

उत्तर ३: दुपारी तळ्यातल्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचे माप) ९.५ वर गेला की शेवाळाची वाढ मंदावते. तो खाली आणायला बायोगॅसमधला कार्बन डायऑक्साइड तळ्यात सोडा. हिरवे पाणी एकदोन दिवसांत नितळ झाले तर खूश होऊ नका, डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) शेवाळ खाऊन टाकतात. शेवाळ काढायच्या निवळण टाकीत खाली बसलेले थोडे शेवाळ रोज परत तळ्यात सोडलेत, तर पटकन बसणारे गुठळीदार शेवाळ टिकते आणि काढणे सोपे जाते. बाहेर पडणारे पाणी बागेला चालेल, क्लोरीन देऊनच.