ऑरलँडोला डिस्नेसाठी किती दिवस? घरात दोन तट पडलेत

कोयनाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आई-बाबा मे महिन्यात साताऱ्याहून आलेत, ऑक्टोबरात परत जातील. बाबा 71 वर्षांचे, आई 66. लेक आठ वर्षांची, धाकटा चार. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलंय. आमच्या शाळा सप्टेंबरात उघडतात आणि फ्लोरिडातल्या ऑगस्टच्या मध्याच्या आधीच सुरू झालेल्या असतात, त्यामुळे गर्दी जरा कमी मिळेल.

अडलंय ते दिवसांवर. नवरा म्हणतो, पार्कं चार आहेत, चार दिवस घेऊ, पाचव्या दिवशी विमान. मला पूर्ण आठवडा हवाय. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलांना घेऊन तीन दिवसांत सगळं उरकायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी लेक रांगेतच माझ्या खांद्यावर झोपली. आज तिला त्या सहलीतलं विचारलं तर हॉटेलचा पोहण्याचा तलाव तेवढा सांगते. आता आई-बाबा सोबत आहेत, आणि एवढा लांबचा प्रवास ते पुन्हा करतील का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. त्यांना फरफटत न्यायचं नाही, एवढं माझं पक्कं आहे. तुम्ही काय केलंत?

अटलांटावासी
मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने. चार दिवस भरपूर झाले.

तिकिटाची गंमत आधी समजून घ्या. एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर, पण दिवस वाढवत गेलं की दर दिवसाचा भाव उतरतो. आपल्याला वाटतं, पाचवा दिवस जवळजवळ फुकटच पडतोय. पण त्या दिवसाचं हॉटेल? सहा माणसांची तीन वेळची खाणी? साध्या खोलीत बहुतेक ठिकाणी चारच जण राहू देतात, म्हणजे तुम्हाला दोन खोल्या किंवा सहा जणांचा फॅमिली स्वीट लागणार. वाढलेली प्रत्येक रात्र तिथे बोचते. शिवाय नोकरीतली रजा. आमच्याकडे भारतातून कोणी आलं की वर्षभराची रजा अशीच संपते आणि दिवाळीला एक दिवस उरत नाही.

दुसरं म्हणजे चारही पार्कांना सारखा वेळ लागत नाही. मॅजिक किंगडमला पूर्ण दिवस द्या, रात्रीच्या आतषबाजीपर्यंत. अ‍ॅनिमल किंगडम सकाळी उघडताच गाठलं तर दुपारी दोनपर्यंत होतं. रांगा टाळायला लायटनिंग लेनचा पास घ्या. डिस्नेच्या हॉटेलात उतरलात तर तो सात दिवस आधी निवडता येतो, बाहेर उतरलात तर तीन दिवस आधी. नीट आखणी केली तर चार दिवसांत काही राहत नाही.

निळी छत्री
आखणी सगळेच करतात हो. ऑगस्टातलं फ्लोरिडा ती मानत नाही.

तिथे त्या दिवसांत जवळपास रोज दुपारी ढग भरून येतात. आपल्या वळवासारखाच धो धो पाऊस, कडकडाट, आणि तासाभरात पुन्हा चटका देणारं ऊन. जवळपास वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद करतात. लायटनिंग लेनचा पास हातात असला तरी आपण छपराखाली उभे. चार दिवसांत चार पार्कं म्हणजे एक दुपार वाया गेली की ते पार्क गेलंच.

आणि मॅजिक किंगडमला गाडीने जाणार असाल तर पार्किंग म्हणजे पार्क नव्हे, हे लक्षात घ्या. गाडी लावायची, तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट, मग दार. परतताना तेच सगळं उलट, तेही आतषबाजीनंतर हजारो लोकांबरोबर, झोपलेलं पोर कडेवर घेऊन. म्हणून दुपारी हॉटेलवर येऊन झोपायचं आणि संध्याकाळी पुन्हा जायचं हे लोक सांगतात ते खरं असलं, तरी मॅजिक किंगडमच्या दिवशी जमेलच असं नाही.

मला मात्र एक गोष्ट इथे कोणी सांगितलेली दिसत नाही. चार दिवसांचं तिकीट सलग चार दिवस वापरावं लागत नाही. पहिल्या दिवसापासून सात दिवसांत कोणतेही चार दिवस. म्हणजे तुमच्या घरातलं भांडण तिकिटाचं नाहीच. तिकीट चारचंच घ्या, राहा सात दिवस. एक दिवस पार्क, एक दिवस आराम.

अटलांटावासी
छत्री, तिकिटाचं बरोबर आहे, मी ते लिहायला हवं होतं. पण रात्रींचा खर्च राहतोच. आरामाचा दिवस म्हणजे पैसे मोजून दमट हवेत हॉटेलात बसायचं. आराम घरीही होतो.

दूरचा तारा
मी दोघांपेक्षा वेगळं सांगतो. डिस्नेला दोनच दिवस द्या आणि एक दिवस केनेडी स्पेस सेंटरला. ऑरलँडोहून गाडीने तासाभराचा रस्ता.

तिथे अटलांटिस हे खरं अंतराळयान ठेवलंय, प्रत्यक्ष उडून आलेलं, आणि आपण त्याच्या अगदी जवळ उभे राहतो. बाहेर काळ्या दगडाची स्मारकभिंत आहे. त्यावर कोलंबियाच्या अपघातात गेलेल्यांबरोबर कल्पना चावलाचं नाव आहे. माझी आई त्या भिंतीसमोर बराच वेळ उभी होती. 2003 साली ती बातमी आली तेव्हा ती शाळेत शिकवत होती आणि वर्गाला कसं सांगावं हे तिला सुचलं नव्हतं, हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. मॅजिक किंगडममधल्या सिंड्रेलाच्या वाड्यासमोर असं काही घडलं नसतं.

कोयनाकाठ
तारा, हे वाचून आईला सांगितलं. ती म्हणाली, जायचंच. पण डिस्ने दोन दिवसांवर आणणं मला पटत नाही. आठ वर्षांच्या लेकीला स्पेस सेंटर कळेल, चार वर्षांच्याला कळणार नाही. त्याचं वय वाड्याला खरा वाडा मानण्याचं आहे. ते अजून दोन वर्षांनी राहील का?

त्याची उंची काल मोजली. 40 इंच. म्हणजे किमान 38 इंच उंची लागणाऱ्या सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि स्लिंकी डॉग या राइड्समध्ये बसेल, स्पेस माउंटनला 44 लागतात तिथे नाही. निदान आमच्या दोघांपैकी एकाला त्याच्याबरोबर बाहेर थांबावं लागेल.

औंधचे काका
मी 74 वर्षांचा आहे. मुलगा टेक्सासला असतो. मागच्या वर्षी त्याने आम्हा दोघांना डिस्नेला नेलं, सहा दिवस. तुमच्या आई-बाबांच्या जागी मी होतो, म्हणून लिहितो.

पहिल्या दिवशी मुलगा व्हीलचेअर घेऊ म्हणाला. मी नको म्हणालो. दुपारी एपकॉट पार्कात तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, त्यांची फेरी निम्मी झाली आणि गुडघा बसला. पूर्ण फेरी दोन किलोमीटरच्या आसपास भरते, आणि तिथपर्यंत पोचण्याचं चालणं वेगळंच. दुसऱ्या दिवशीपासून खुर्ची घेतली. तुमच्या बाबांना आत्ताच सांगून ठेवा. तिथे गेल्यावर सांगितलंत तर मानी माणूस ऐकत नाही.

आता दिवसांचं. सून रोज सकाळी विचारायची, बाबा, आज थांबायचंय का? आणि मी रोज नाही म्हणायचो. मुलाने एवढे पैसे घातलेत, आपण खोलीत बसून कसं चालेल, हेच डोक्यात. दमलोय हे मी सहा दिवसांत एकदाही सांगितलं नाही. हिला ते कळत होतं, पण तीही गप्प. तेव्हा त्यांना विचारू नका. विचारलंत की ते 'चला' म्हणणार. थांबण्याचा दिवस तुम्हीच आधी ठरवून टाका, आणि सगळ्यांसाठी ठरवा. फक्त म्हाताऱ्यांना मागे ठेवून तुम्ही गेलात तर तोही दिवस त्यांना जड जातो.

आवडलं काय म्हणाल तर अ‍ॅनिमल किंगडममधली वाघांची वाट. पडक्या राजवाड्यासारखं बांधकाम, आणि त्यातून वाघ दिसतात. हिला तिथून निघवेना. मॅजिक किंगडममध्ये कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस नावाचं फिरतं नाट्यगृह आहे. 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी ते केलं होतं. घरात वीज आली तेव्हापासून घर कसं बदललं, ते दाखवतात. आमच्या वाड्यात वीज आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. नातवंडांना ते सांगत सांगत पाहिलं. राइडवाल्यांनी त्याला कमी लेखू नये.

मला विचाराल तर पार्काचे चार दिवससुद्धा आमच्या वयाला जास्तच. तीन पुरे.

निळी छत्री
काका, तुमचं वाचून मी माझ्या सासूबाईंना फोन केला. आम्ही त्यांना पाच दिवस सलग फिरवलं होतं. त्या म्हणाल्या, 'छान होतं गं सगळं.' आता मला त्या वाक्यावर विश्वास ठेवता येत नाही.

अटलांटावासी
काकांचं मी मानतो. आरामाचा दिवस म्हणजे वाया, हे माझं म्हणणं मागे घेतो. पण तेच पाहून सांगतो, आई-बाबा सोबत असताना सात नको, पाचच. पार्कं तीन, मधला एक दिवस मोकळा, एक स्पेस सेंटरचा. हॉलिवूड स्टुडिओज सोडा. तिथे मोठ्यांच्या धाडसी राइड्स जास्त, त्या ना चार वर्षांच्याला ना बाबांना.

कोयनाकाठ
हॉलिवूड स्टुडिओज सोडलं तर लेक माझ्याशी बोलणार नाही. स्लिंकी डॉग तिथेच आहे आणि तिच्यात दोन्ही मुलांना एकत्र बसता येईल.

काल रात्री सगळे जेवायला बसलो असताना हा धागा मोठ्याने वाचला. काकांचा भाग आला तेव्हा बाबा ताटाकडे बघत होते. नंतर आई म्हणाली, खुर्ची घेऊ, मी सांगते त्यांना.

तर ठरलं ते असं. मुक्काम सहा रात्रींचा, तिकीट चार दिवसांचं. मॅजिक किंगडम, मग मोकळा दिवस. एपकॉट, पण संध्याकाळचंच, आणि तळ्याची पूर्ण फेरी नाही. नंतर स्पेस सेंटर. मग अ‍ॅनिमल किंगडम सकाळी, दुपारी झोप. शेवटच्या दिवशी मी आणि मुलं हॉलिवूड स्टुडिओजला, आणि नवरा आई-बाबांबरोबर तलावावर. त्याने स्वतःहून मागितलं ते. चार दिवसांचा आग्रह धरणारा तोच, आणि आता त्याच्या तिकिटाचा एक दिवस कमी घेतोय. आई-बाबांची तिकिटंही तीनच दिवसांची.

काका, मोकळ्या दिवशी कुणालाच काही विचारणार नाही. खाण्याचं एक विचारायचंय. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात असं कळलं, फक्त काचेची भांडी नकोत. तिखटमिठाच्या पुऱ्या त्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी टिकतील का?

औंधचे काका
पुऱ्या टिकतात. हिने दशम्याही नेल्या होत्या, तिसऱ्या दिवशीही चांगल्या होत्या. लोणचं मात्र प्लॅस्टिकच्या डबीत न्या.

आणि ते फिरतं नाट्यगृह चालू असेल तर दुपारी चारच्या सुमाराला जा. बाहेर पाऊस असतो, आत गार असतं, आणि बसायला मिळतं.