'धसका' म्हणजे नक्की काय? दचकणं, धस्स होणं की धास्ती?

मंडळी, एका शब्दावर अडले आहे, मदत हवी आहे.

आजीच्या आठवणी लिहून काढते आहे. तिचं गाव औशाकडचं, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, माणसं दमून झोपलेली. दगडमातीच्या भिंती, वर माळवद. सगळं खाली आलं. आजी वाचली.

आजही रस्त्यावरून जड ट्रक गेला आणि मांडणीवरची भांडी थरथरली की ती हातातली भाकरी तशीच टाकून दाराशी जाते, चौकट धरून उभी राहते. म्हणते, "तवापासून धसकाच घेतलाय बघ म्या."

बेंगळुरूत वाढलेल्या भाचीने हे वाचून विचारलं, "मावशी, धसका म्हणजे एकदम घाबरणं ना?" हो म्हणायला गेले आणि थांबले. एकदम घाबरणं तीस वर्षं कसं टिकेल?

माझ्या कानाला असं वाटतं: दचकणं क्षणात संपतं. अवेळी फोन वाजला की काळजात धस्स होतं, पलीकडून "सहजच केला" ऐकलं की निवतं. धास्ती पुढच्या गोष्टीची असते, परीक्षेची, निकालाची. धसक्याचं मूळ मात्र घडून गेलेल्या गोष्टीत असतं. धक्का एकदाच बसतो, तो आत राहतो. म्हणून तर "मुलाच्या धसक्याने म्हातारी गेली" असं म्हणतात, तिथे 'धास्तीने' म्हटलं तर जीव जात नाही त्या वाक्यात. पण मग "बाळ झोपेतून धसकून उठलं" याचं काय करायचं? ते तर निव्वळ दचकणं आहे. आणि बातम्यांमधला "शेतकऱ्यांनी अवकाळीचा धसका घेतला"? तो मागच्या पावसाचा की येणाऱ्या?

शिवाय 'धसका घेतला' आणि 'धसका बसला' यांत तुम्ही फरक करता का? मला 'घेतला' जास्त खोल वाटतो, मनाला लावून घेतल्यासारखा. आजीही 'बसला' कधी म्हणत नाही.

विदर्भात, कोकणात, खानदेशात तुमच्या घरी हा शब्द कसा वापरतात, एखादं बोलण्यातलं वाक्य जरूर द्या. भाचीसाठी एका ओळीची टीप लिहायची आहे आणि आजीच्या शब्दाला ती उणी पडायला नको.