ऑस्ट्रेलिया दिनाची तारीख बदलावी का?

प्रश्न: मेलबर्नमध्ये २६ जानेवारीला सकाळी आम्ही प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन करतो आणि त्याच दिवशी येणाऱ्या ऑस्ट्रेलिया दिनाविरुद्ध शहरात मूलनिवासींचा निषेध मोर्चा निघतो, तारीख बदलण्याच्या त्यांच्या मागणीकडे आपण कसे पाहावे?

उत्तर १: १७८८ मध्ये याच दिवशी ब्रिटिश वसाहतीचे पहिले गव्हर्नर आर्थर फिलिप यांनी सिडनी कोव्ह येथे ब्रिटिश झेंडा रोवला आणि ज्यांची जमीन गेली त्यांच्या वंशजांनी १९३८ मध्ये, दीडशेव्या वर्षी, शोकदिन पाळला, त्यामुळे ही मागणी आजकालची नाही आणि मला ती मनापासून पटते.

उत्तर २: सर्व राज्यांत नेमकी २६ तारखेलाच सुट्टी १९९४ पासून मिळू लागली, तेव्हा तारीख बदलू नये म्हणून दिला जाणारा परंपरेचा दाखला तोकडा पडतो.

उत्तर ३: मला याच दिवशी नागरिकत्व मिळाले, शपथेनंतर हाती दिलेले रोप आज अंगणात डवरले आहे. तरीही नवी तारीख मूलनिवासींना विचारूनच ठरावी.