डिस्क नसलेले संगणक नेटवर्कवरून सुरू करणे: शाळेच्या संगणक कक्षासाठी सल्ला हवा आहे

देवगडचे_सर

नमस्कार. आमची माध्यमिक शाळा देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. संगणक कक्षात २० डेस्कटॉप असून त्यांपैकी निम्म्याहून अधिक संगणकांच्या हार्ड डिस्क खारी हवा आणि पावसाळ्यातील विजेचा लपंडाव यांमुळे निकामी झाल्या आहेत. बाकी भाग शाबूत आहेत. प्रत्येकात ४ जीबी रॅम आहे. नव्या डिस्क घेण्याऐवजी सर्व संगणक एकाच सर्व्हरवरून नेटवर्कमार्फत सुरू करता येतील का, त्यासाठी स्विच (सर्व संगणकांच्या केबल एकत्र जोडणारे उपकरण) बदलावा लागेल का, आणि मुलांचे काम कोठे साठवले जाईल, हे जाणून घ्यायचे आहे. मुलांना लिनक्सवर लिबरऑफिस, स्क्रॅच आणि पायथन शिकवायचे आहे. विंडोजचा आग्रह नाही.

खाडीकाठ

सर, विंडोजचा आग्रह नाही म्हणजे निम्मे काम सोपे झाले. आपल्या गरजेला एलटीएसपी हा डिस्क नसलेले संगणक लिनक्स सर्व्हरवरून चालवणारा मुक्त प्रकल्प चपखल बसतो. तो १९९९ पासून सुरू आहे आणि २०१९ मध्ये नव्याने लिहिला गेला. पूर्वी सगळे कार्यक्रम (प्रोग्रॅम) सर्व्हरवर चालत आणि समोरच्या संगणकावर केवळ चित्र दिसे. आता कार्यक्रम विद्यार्थ्यासमोरच्या संगणकाच्याच प्रोसेसरवर आणि रॅममध्ये चालतात, सर्व्हर फक्त फायली पुरवतो. त्यामुळे सर्व्हर म्हणून ८ जीबी रॅम आणि एक चांगली एसएसडी (वेगवान डिस्क) असलेला साधा डेस्कटॉपही पुरतो.

संगणक सुरू होताना त्याच्या नेटवर्क कार्डातील पीएक्सई ही नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय डीएचसीपीकडे (संगणकांना नेटवर्कवरील पत्ते वाटणारी सेवा) पत्ता मागते. पत्त्यासोबत कोणत्या सर्व्हरवरून कोणती फाइल आणायची हेही तिला कळावे लागते. ती छोटी फाइल टीएफटीपी या साध्या फाइल-वाहतूक पद्धतीने उतरते, मग कर्नल (प्रणालीचा गाभा) येते आणि शेवटी संपूर्ण प्रणालीची दाबून लहान केलेली प्रतिमा (एका फाइलमधील पूर्ण प्रत) एनएफएसवरून, म्हणजे सर्व्हरवरील फायली नेटवर्कवरून वापरण्याच्या सोयीने, जोडली जाते. ही प्रतिमा केवळ वाचता येते. संगणक चालू असताना होणारे बदल रॅममध्ये राहतात आणि बंद करताच पुसले जातात. एखाद्या मुलाने प्रणालीत काहीही उलथापालथ केली तरी पुढच्या तासाला संगणक पूर्ववत असतो, आणि शाळेसाठी मला हाच सर्वांत मोठा लाभ वाटतो. मुलांच्या स्वतःच्या फायली मात्र सर्व्हरवरील त्यांच्या खात्यात साठतात.

सर्व्हरवर हवी ती सॉफ्टवेअर नेहमीसारखी बसवावी आणि मग ‘एलटीएसपी इमेज’ ही आज्ञा देऊन त्याच प्रणालीची प्रतिमा तयार करावी. नवी खाती उघडली की ‘एलटीएसपी इनिटआरडी’ ही आज्ञा पुन्हा द्यावी लागते; ती राहून गेली तर नव्या मुलांना प्रवेश मिळत नाही.

स्विचबाबत थोडे गणित करू. सुरू होताना प्रत्येक संगणक सुमारे ४०० एमबी (मेगाबाइट; एक बाइट म्हणजे आठ बिट) वाचतो असे धरले, तर २० संगणकांचे ८,००० एमबी होतात. सर्व्हर गिगाबिट (सेकंदाला १,००० मेगाबिट) जोडणीवर असेल आणि प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबी मिळत असतील, तर सगळे सव्वा मिनिटात उभे राहतात. तोच सर्व्हर १०० मेगाबिटवर असेल तर सेकंदाला जेमतेम ११ एमबी मिळतात आणि बारा मिनिटे लागतात, म्हणजे तासाचा मोठा भाग वाट पाहण्यातच जाईल. संगणकांची स्वतःची कार्डे १०० मेगाबिटची असली तरी चालेल. सर्व्हरची जोडणी मात्र गिगाबिटचीच हवी.

चिरेखाण

वरील माहिती योग्य आहे, पण माझे मत थोडे वेगळे आहे. आज वीस डिस्कपैकी एक बिघडली तर एक मूल शेजारच्या मुलासोबत बसते. उद्या सर्व्हर बिघडला तर पूर्ण वर्गाला सुट्टी. छोट्या एसएसडी आता पूर्वीइतक्या महाग राहिलेल्या नाहीत आणि क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने एकच प्रतिमा सर्वांवर उतरवता येते. शाळेत सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती एकच असेल आणि तिची बदली होण्याची शक्यता असेल, तर मी डिस्कचाच पर्याय निवडेन. पुढे बारावीचा माहिती तंत्रज्ञान विषय सुरू करण्याचा विचार असेल तर त्या विषयाची परीक्षा संगणकावर होते, म्हणून परीक्षेचे सॉफ्टवेअर कोणत्या प्रणालीवर चालते हेही आताच पाहून घ्यावे. विंडोजही आयस्कझीद्वारे (सर्व्हरवरील डिस्क नेटवर्कवरून जोडण्याची पद्धत) नेटवर्कवरून चालवता येते, पण प्रत्येक संगणकासाठी स्वतंत्र आभासी डिस्क आणि स्वतंत्र परवाना लागतो. शाळेने त्या भानगडीत पडू नये.

खाडीकाठ

आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय म्हणून दुसऱ्या एखाद्या संगणकात सर्व्हरच्या एसएसडीची तयार प्रत ठेवावी आणि मुलांच्या फायली रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर उतरवाव्यात. एवढे होणार नसेल, तर मीही डिस्क घ्या असेच म्हणेन.

वेंगुर्ल्याहून

विजेबद्दल कोणी बोलले नाही, म्हणून लिहितो. यूपीएस वीस संगणकांना नसला तरी चालेल, कारण वीज गेली तर न जतन केलेले कामच तेवढे जाते. मात्र सर्व्हर आणि स्विच हे दोन्ही यूपीएसवर हवेत. बहुतेक ठिकाणी सर्व्हरला यूपीएस देतात आणि स्विच भिंतीवरच्या साध्या प्लगवर राहतो; तो बंद पडला की सर्व्हर चालू असूनही उपयोग होत नाही.

दुसरे म्हणजे, कार्यालय आणि संगणक कक्ष वेगवेगळ्या इमारतींत असतील तर त्यांच्यामध्ये तांब्याची लॅन केबल टाकू नका, फायबर टाका. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज कोसळली तरी तिचा झटका अशा केबलमधून येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. आपल्याकडे जांभ्याच्या कातळावर अर्थिंग मुळातच कच्चे मिळते. उन्हाळ्यात माती सुकली की ते आणखी बिघडते, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहावे लागते.

देवगडचे_सर

सर्वांचे आभार. आमच्याकडे संगणक शिक्षक दोघे आहेत, म्हणून एलटीएसपी करून पाहायचे ठरवले. सर्व्हर तयार झाला आहे, परंतु कक्षातील प्रत्येक संगणकावर ‘पीएक्सई-ई५३’ असा संदेश येतो आणि तो तेथेच थांबतो. इंटरनेट मात्र त्याच केबलवर व्यवस्थित चालते.

खाडीकाठ

या संदेशाचा अर्थ असा की संगणकाला पत्ता मिळाला, पण फाइलचे नाव मिळाले नाही. पत्ता राउटर देतो आणि फाइलचे नाव आपल्या सर्व्हरवरील डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम देतो, म्हणजे सर्व्हरचे उत्तर कक्षापर्यंत पोहोचत नसावे. कक्षातील एखाद्या केबलला लॅपटॉप जोडून कोणता पत्ता मिळतो ते पाहा आणि सर्व्हरच्या पत्त्याशी ताडून पाहा. एकाची सुरुवात १९२.१६८.० ने आणि दुसऱ्याची १९२.१६८.१ ने होत असेल, तर मध्ये दुसरा राउटर आहे हे नक्की. पत्ते जुळत असतील तर सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये यूडीपीचे ६७, ६९ आणि ४०११ हे पोर्ट (नेटवर्क सेवांचे क्रमांक) उघडे आहेत का ते तपासा.

देवगडचे_सर

पत्ते वेगळेच निघाले. वाय-फायसाठी नंतर बसवलेल्या राउटरमागे संपूर्ण कक्ष होता. त्याचे डीएचसीपी बंद करून केबल वॅन (बाहेरच्या नेटवर्कच्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टमध्ये लावली आणि संगणक सुरू झाले. एकटा संगणक पटकन सुरू होतो, परंतु सगळे एकत्र चालू केले की दहा मिनिटांहून अधिक वेळ जातो. स्विच गिगाबिटचाच आहे.

वेंगुर्ल्याहून

स्विच गिगाबिटचा असला तरी सर्व्हरची जोडणी त्या वेगाने झाली आहे का ते सर्व्हरवर ‘ईथटूल’ ही जोडणीचा वेग दाखवणारी आज्ञा चालवून पाहा. गिगाबिटला केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात आणि १०० मेगाबिटला दोनच पुरतात. खाऱ्या हवेने एखाद्या पिनेवर हिरवट थर चढला की जोडणी तुटत नाही, ती गुपचूप १०० वर उतरते. सर्व्हरच्या केबलची दोन्ही टोके कापून नवे कनेक्टर बसवा, आणि स्विचच्या पोर्टमध्येही तसाच थर दिसला तर दुसरा पोर्ट वापरा.